अरोकियासामींच्या घराची बारावी किंमत

दार उघडणाऱ्या म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बारावी. आणि उशीर झालाय. गेल्या वर्षीचा पोरगा नवाच्या ठोक्याला हजर होता." बसमध्ये तासभर घोकून आणलेलं माझं वाक्य, की नमस्कार, मी विद्यापीठातून मूल्यांकनाच्या प्रात्यक्षिकासाठी आले आहे, आपल्या सवडीनं घर पाहू का, घशातच राहिलं. "टेप आत ठेव, मा," तो आत वळत, लेकीला म्हणावं तसं म्हणाला. "मापं फ्रीजवर चिकटवलीत, तेवढी उतरवून घे. खिडक्या सात, दारं पाच, छताला गळती नाही. इडल्या गार होतायत." मी उंबऱ्यातच उभी राहिले. आपण ज्याची किंमत ठरवायला आलो त्यानंच आपली किंमत ठरवून टाकली आणि ती फारशी लागली नाही, असं काहीसं मला वाटलं.

मला उशीर झाला होता, कारण त्या गल्लीत मी घराचा नंबर चार वेळा तपासला होता. शेजारच्या बाईलाही विचारलं होतं, "हे अकरा नंबरच ना? नक्की ना?" ती म्हणाली, "पाटी वाचता येत नाही का?" तिला काय सांगणार? गेल्या वर्षी याच परीक्षेत मी नापास झाले होते, आणि तेही पाटी वाचूनच. मला तेव्हा ३-अ नंबरचं घर दिलं होतं. आम्हा चिनी लोकांत चार हा आकडा मरणाचा, म्हणून तिनानंतरच्या घराला ३-अ म्हणतात, हे मलेशियातल्या आमच्या इपोह शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मात्र समजले, ३-अ म्हणजे तीन नंबरचाच मागचा भाग. तीनच्या बाईनं मला पाहताच हात जोडले आणि सरळ न्हाणीघरात नेलं. मी भिंती ठोकल्या, चौकटी ठोकल्या, चाळीस मिनिटं मान डोलावली. तिनं विचारलं, "किती खोलवर गेलीय हो?" मला वाटलं ती ओल म्हणतेय. मी गंभीरपणे म्हणाले, "पाया उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." ती रडायलाच लागली. ती वाळवीवाल्याची वाट पाहत होती. माझा अहवाल परत देताना आमच्या प्राध्यापिका डॉक्टर नोरलैला मॅडम म्हणाल्या होत्या, "अहवाल उत्तम आहे. फक्त घर दुसऱ्याचं आहे." आणि आई म्हणाली होती, "चार म्हणजे मरण हे अख्ख्या जगाला कळतं, माझ्या पोटच्या पोरीला तेवढं नाही."

त्यामुळं आता माझ्याहून एका वर्षानं लहान असलेल्या पोरांबरोबर मी पुन्हा त्याच बाकावर होते. यंदाही नापास झाले तर पदवी गेली. इडली खाताखाता अरोकियासामी अंकलनी मला भिंतीवरची फळी दाखवली. तिच्यावर अकरा अहवाल ओळीनं लावलेले, पाठीवर वर्षं लिहिलेली. मालकानं घर पाहू दिलं की अहवालाची एक प्रत त्याला मिळते, आणि हे गृहस्थ अकरा वर्षं सलग घर पाहू देत होते. आमच्या विद्यापीठाला असा मालक म्हणजे देवच. बाकीचे लोक कुत्रं सोडतात. "चाळीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले मी," ते म्हणाले. "लोकांच्या घरात जायचं, आकडा बघायचा, लिहायचा, बाहेर यायचं. पाणी कोणी दिलं नाही कधी. म्हणून आकडा घ्यायला आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, असं फिलोमिनानं ठरवलं होतं." फिलोमिना म्हणजे त्यांची बायको. तिचा फोटो दिवाणखान्यात होता, आणि त्या फोटोभोवती, वर, खाली, बाजूला खिळ्यांची भोकं होती. बुजवलेली, न बुजवलेली, काहींत अजून खिळे. घर घेतल्यापासूनच्या एकतीस वर्षांत भिंतीवरचे फोटो हलत गेले होते, आणि आता तिचा मधोमध आला होता.

मी त्या भोकांकडं जरा जास्तच वेळ पाहिलं असणार. अहवालात त्याला ‘भिंतींवर किरकोळ खुणा’ म्हणतात आणि रंगकामाचे दोन पैसे कमी करतात. पण मी सात भाड्याच्या घरांत वाढले, आणि सातही घरमालकांची पहिली अट एकच: खिळा ठोकायचा नाही. आमच्या घरातलं सगळं जमिनीवर टेकून उभं असायचं. पणजोबांचा फोटो, कॅलेंडर, आरसा. आईचं केशकर्तनालय घरातच, म्हणून गिऱ्हाईक बायका आरशात बघायला गुडघ्यांवर बसत आणि आई वाकून केस कापी. मी शाळेतून आले की त्या रांगेनं आरशापुढं गुडघे टेकून बसलेल्या असत, देवळात बसल्यासारख्या. पहिल्या घराला रॉकेलचा वास होता, तिसऱ्याला सुक्या मासळीचा, पाचव्यात कसलाच वास नव्हता आणि तिथं मला झोप लागत नसे. लोकांना वाटतं मी हा विषय हौसेनं घेतला. मला कायद्याला प्रवेश हवा होता, मार्क कमी पडले, आणि खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मालमत्ता मूल्यांकन चालेल का?" मी हो म्हणाले, कारण मागं रांग होती. आणि आता तीन वर्षांत माझं असं झालं होतं की कुठलीही भिंत दिसली की डोक्यात आकडा उठायचा. आजोबांच्या अंत्यविधीला सगळे रडत होते आणि मी हॉलचं क्षेत्रफळ काढत होते. एका मुलाबरोबर दोन महिने फिरले, तर तो हसला की मला वाटायचं, दर्शनी भाग बरा आहे, आतल्या दुरुस्त्यांचं काय? त्यानंही बहुधा माझं तसंच काहीतरी काढलं असावं. तो नंतर आलाच नाही.

"टेप काढू का?" मी विचारलं.

"फ्रीजवर आहे म्हटलं ना."

"अंकल, मी गेल्या वर्षी नापास झालेय. मला मोजू द्या."

त्यांनी माझ्याकडं नव्यानं पाहिलं. अकरा जणांत नापास झालेला कोणी त्यांच्याकडं आला नव्हता. "मोज मग," ते म्हणाले, आणि टेपचं दुसरं टोक धरायला स्वतः उठले.

दिवाणखाना बरोबर आला. झोपायच्या खोल्या बरोबर आल्या. स्वयंपाकघर फ्रीजवरच्या कागदात नऊ फूट होतं आणि टेपनं एकोणीस. मी पुन्हा मोजलं. एकोणीस. अंकल तिकडच्या भिंतीला टोक दाबून उभे होते आणि छताकडं बघत होते. पहिल्या वर्षीच्या पोरानं मंजूर नकाशावरून मापं उतरवली, दुसऱ्यानं पहिल्यावरून, आणि मग कागद फ्रीजवर गेला. एवढं मला लगेच कळलं. पण मला खटकलं ते वेगळंच. नकाशात घराच्या मागं अंगण होतं आठच फुटांचं. मग वरचे दोन फूट कुठून आले? मी मागच्या दारानं गल्लीत गेले. ओळीतल्या सगळ्या घरांच्या मागच्या भिंती शाळेतल्या मुलांसारख्या एका रेषेत उभ्या होत्या, आणि ही एकच पोट पुढं काढून. गटाराच्या कडेला हद्दीचा दगड होता, अर्धा सिमेंटखाली गेलेला. मी आत आले. 

"अंकल, तुमची शेगडी घराबाहेर आहे."

"काय?"

"म्हणजे भिंतीच्या आत आहे, पण हद्दीच्या बाहेर. हे शेवटचे दोन फूट सरकारचे आहेत. मागच्या गल्लीचे."

त्यांनी टेपचं टोक सोडलं. ते सळसळत येऊन माझ्या नखावर बसलं. "म्हणजे सव्वीस वर्षं मी सरकारी जागेत सांबार करतोय?" ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी शेगडीकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "फिलोमिनाचं काम हे. गवंडी रेघ मारून उभा, आणि ही म्हणते, अजून थोडं. अजून थोडं. उभं राहून बघायची आणि म्हणायची, अजून थोडं. तो बिचारा सरकत गेला. इथं ये. शेगडीपाशी उभी राहा. आता खिडकीतून बघ." मी पाहिलं. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीच्या कडेनं चुनखडीचा डोंगर दिसत होता, वर हिरवा, मध्ये फाटलेला पांढरा. "आता दोन फूट मागं ये." मी मागं आले. नुसती टाकी. "तळण तळताना काहीतरी बघायला पाहिजे ना माणसाला," ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं: ‘मागील बाजूस विनापरवाना वाढीव बांधकाम, पैकी दोन फूट अतिक्रमण, पाडण्याचा खर्च वजा करावा.’ ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी पान झाकलं.

"वजा?" ते म्हणाले. "म्हणजे किंमत कमी होणार?"

"हो अंकल. सॉरी."

"किती कमी?" त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी वळून पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता.

मग ते सगळं बोलले. त्या दिवशी अर्धं आणि पुढच्या आठवड्यात तुलनेच्या, म्हणजे आसपास नुकत्याच विकल्या गेलेल्या, घरांचे फोटो काढायला गेले तेव्हा उरलेलं. मुलगा जेरोम ऑस्ट्रेलियात, पर्थला. आई गेली त्या वर्षी तो म्हणाला होता, "अप्पा, घराला साडेतीन लाख आले की विका आणि माझ्याकडं या. तोवर राहा." तेव्हा घर दोन लाख चाळीस हजार रिंगिटचं होतं. त्यानंतर दरवर्षी अहवाल आला की अंकल आकडा फोनवर कळवीत, आणि जेरोम म्हणे, "छान." आकडा चढतच होता. गेल्या वर्षी तीन लाख बेचाळीस. "मला तिकडं जायचं नाही गं," अंकल म्हणाले. "तिथं मला कोण ओळखतं? इथं ज्याच्या घरी मीटर वाचलाय तो माणूस रस्त्यात थांबवतो, बिलाबद्दल शिव्या घालायला का होईना. पण पोरगा इतक्या मायेनं बोलावतोय, त्याला नाही कसं म्हणू? माझ्या तोंडून नको. आकड्याच्या तोंडून येऊ दे. तीन लाख अठ्ठेचाळीस लिही. त्रेचाळीस लिहिलंस तरी मी रागावणार नाही."

"अंकल, मालक नेहमी वाढवून मागतात."

"मी कमी मागतोय. तुझं काम सोपं झालं."

सोपंच होतं, हीच अडचण. घरी येऊन मी आकडे मांडले. सात नंबरचं घर दोनच महिन्यांपूर्वी तीन लाख पासष्टला गेलं होतं. तीन गल्ल्या पलीकडचं एक तीन लाख चाळीसला. सातला जास्त वजन द्यायचं की पलीकडच्याला, हे माझ्या हातात. जुनेपणाचे किती कमी करायचे, हेही माझ्याच हातात. मी पलीकडच्या घराला जरा जवळ ओढलं, आणि किंमत शहाण्या मुलीसारखी तीन लाख सत्तेचाळीसवर येऊन बसली.  तीन वर्षं मला वाटत होतं की किंमत घरात असते, वाळवीसारखी, आणि आपण ठोकून ती शोधायची. ती तर माझ्या पेन्सिलीत होती. सातला परत आणलं, तीन लाख पंचावन्न. पलीकडचं ओढलं, सत्तेचाळीस. मी तासभर एका म्हाताऱ्याला ऑस्ट्रेलियात पाठवत होते आणि परत आणत होते.

आई एका बाईच्या केसांना रंग लावत होती. आता आमचा आरसा टेबलावर उभा असतो. एवढी प्रगती झालीय. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा स्वतः म्हणतोय कमी लिही, मग लिही की. गिऱ्हाईक म्हणालं कमी काप, तर मी कमी कापते."

"केस परत वाढतात, आई. घराचं तसं नसतं."

"तूच म्हणालीस ना, दरवर्षी दहा हजारांनी वाढतं?"

रंग लावलेली बाई खो खो हसली. मी खोलीत गेले. पलीकडच्या गल्लीतलं ते घर मी पाहून आले होते. त्याच्या समोर उघडा नाला होता आणि पावसाळ्यात पाणी पायरीपर्यंत यायचं. ते अकरा नंबरसारखं नव्हतं. मला हवं म्हणून मी ते तसं केलं होतं. गेल्या वर्षी मी चुकीच्या घराबद्दल खरं खरं लिहिलं. यंदा योग्य घराबद्दल खोटं लिहायचं? मग माझ्या नावावर एकही घर धड होणार नव्हतं. मी तीन लाख पंचावन्न हजार लिहिलं. अतिक्रमणाचे वजा करून. लिहिल्यावर बरं वगैरे काही वाटलं नाही. अंकलच्या इडल्या आठवल्या.

तोंडी परीक्षेला नोरलैला मॅडम आणि एक बाहेरचे परीक्षक होते, ज्यांची टाय टेबलावर विसावली होती. त्यांनी स्वयंपाकघराचं पान उलटलं, परत उलटलं. "ही वाढ कुणी शोधली?"

"टेपनं, सर."

"आणि आधीच्या अकरा वर्षांत टेप नव्हती?"

 त्या अकराही अहवालांवर मॅडमची सही होती, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला पदवी टेबलावरून उठून दाराकडं जाताना दिसली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी स्वतः त्या स्वयंपाकघरात दोनदा जेवलेय," त्या म्हणाल्या. "फार छान डोंगर दिसतो तिथून."

"त्या दोन फुटांमुळंच दिसतो, मॅडम."

टायवाले परीक्षक आधी खोकले आणि मग तो खोकला हसण्यात फुटला. मॅडम हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून पहिल्या दिवशी मी स्वतः येईन सगळ्यांबरोबर. आणि तो फ्रीजवरचा कागद काढून आणा." मला बी श्रेणी मिळाली. अधिक की उणे, हे मी विचारलं नाही, पास होते.

मालकाची प्रत घेऊन मी शनिवारी दुपारी अकरा नंबरला गेले. अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी अहवाल उघडला नाही. "किती?" म्हणाले.

"अंकल..."

"कळलं." ते खाली बसले. "आता जेरोमचा फोन येईल. शनिवारी येतोच. तू सांग त्याला. माझ्या तोंडून नाही निघायचं." मी नको नको म्हणेपर्यंत फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला आणि माझ्यापुढं सरकवला.

"अप्पा, आला का अहवाल?"

"मी फूंग लाय-क्वान बोलतेय," मी म्हणाले. "यंदाची मूल्यांकन करणारी. तीन लाख पंचावन्न हजार."

 पलीकडं कुठंतरी लहान मूल किंचाळलं. मग जेरोम म्हणाला, "पक्का आकडा आहे का? म्हणजे, तपासला का कुणी?"

"दोन परीक्षकांनी."

"नाही, पण बाजार मंदावलाय म्हणतात ना? थोडा कमी नाही का होणार? छपराचं बघितलं का? जुनं छप्पर आहे ते."

"छप्पर चांगलं आहे."

"प्लंबिंग?"

"मागचं अतिक्रमणसुद्धा वजा केलंय मी."

"अतिक्रमण?" त्याचा आवाज एकदम तरतरीत झाला. "किती वजा केलंत? आणखी करता येईल ना? सरकारी जागा म्हणजे गंभीर बाब आहे!"

अंकलनी मान वर केली. ते फोनकडं पाहत होते, मीटरचा आकडा उलटा फिरताना दिसावा तसे. "जेरोम," ते सावकाश म्हणाले, "तुला तो कमी कशाला हवाय?"

पुन्हा ते मूल किंचाळलं. दुसरंही एक. दार लावल्याचा आवाज आला आणि किंचाळणं लांब गेलं. "अप्पा," जेरोम म्हणाला, "आमचं घर दोन खोल्यांचं आहे. एकीत जुळी पोरं. दुसरीत आम्ही. हॉलमध्ये माझी सासू येऊन राहिलीय, फेब्रुवारीपासून. तुम्हाला मी ठेवू कुठं?"

"मग साडेतीन लाख कशाला म्हणालास?"

"तेव्हा घर दोन चाळीसचं होतं! अम्मा नुकती गेलेली. या म्हणायलाच हवं होतं, आणि मला वाटलं, तो आकडा तुमच्या हयातीत..." तो थांबला. "म्हणजे तसं नाही."

"तसंच," अंकल म्हणाले.

"दरवर्षी तुम्ही आनंदानं आकडा सांगायचा, मी छान म्हणायचो आणि रात्रभर जागायचो. तुम्ही यायला इतके आतुर, आणि मी..."

"मी? आतुर?" अंकल उभे राहिले. "अरे गाढवा, साडेतीनच्या खाली लिही म्हणून मी या पोरीच्या पाया पडलो! हिनं ऐकलं नाही!"

फोनमधून एक आवाज आला. मला आधी वाटलं लाइन बिघडली. जेरोम हसत होता, आणि ते हसू मध्येच वेगळं काहीतरी होऊन परत हसू होत होतं. अंकलनी खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला, त्यांचे खांदे हलायला लागले. मी अहवालाच्या मुखपृष्ठाकडं बघत बसले. त्यावर माझं नाव होतं आणि खाली आकडा, ठळक. तो आता कुणालाच नको होता. मला वाईट वाटायला हवं होतं, महिन्याभराची मेहनत होती ती. पण छातीत जे मोकळं झालं ते वाईट नव्हतं.

मग हसू ओसरलं. अकरा वर्षं ते एका आकड्याबद्दल बोलले होते, आणि आता तो संपला होता. अंकलनी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला.

"पोरांना उलट्या होत होत्या ना गेल्या आठवड्यात?" अंकलनी विचारलं. "थांबल्या का?"

"थोरल्याच्या थांबल्या. धाकट्याच्या चालू आहेत."

"काय देताय? दूध बंद कर आधी. भाताची पेज दे. पातळ. तुझ्या सासूला करता येते का पेज?"

"अप्पा, ती ऐकत नाही कुणाचं."

"दे तिला फोन."

"नको!"

मी उठले, तसे अंकलनी फोनवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ नकोस, मा. एवढं बोलणं झालं की गेटपर्यंत सोडायला येतो." मी पुन्हा बसले. पेजेत मीठ किती इथून गोष्ट सासूच्या गुडघ्यांवर गेली, तिथून जेरोमच्या नोकरीवर, मग तो लहानपणी मीटरच्या खड्ड्यात पडला होता त्यावर, आणि कुणी ढकललं यावरून दोघांचं भांडण लागलं. अर्धा तास झाला. बसची वेळ गेली, पुढच्या बसचीही व्हायला आली. अंकल आता येरझाऱ्या घालत होते, हातवारे करत, आणि खोलीत मी आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. शेवटी मीच उठले, बाहेर आले आणि गेटची कडी आवाज न करता लावून घेतली.